मास्तरांच्या नावावर खपवलेला नकार

८ सप्टेंबर

घर गरम करणाऱ्या बॉयलरने आज राम म्हटला. उन्हाळाभर तळघरात गप्प बसला होता. चाचणी म्हणून सुरू केला, तर दोनदा खाकरला, काळा धूर सोडला आणि थंड झाला. दुरुस्तीवाल्याने उकिडवं बसून झाकण काढलं, आत बॅटरी मारली आणि झाकण लगेच परत लावलं. "बाई, ह्याला आता औषध नाही." औषधांच्या दुकानात अर्धं आयुष्य काउंटरमागे उभं राहिलेल्या बाईला हे ऐकवतोय!

थंडी अजून लांब आहे, पण मला सासऱ्यांची धास्ती आहे. गेल्या हिवाळ्यात न्यूमोनियाने ते जाता जाता राहिले. घरी सोडताना डॉक्टरीणबाईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, "यांची खोली गार पडता कामा नये. एक दिवससुद्धा नाही." सासरे म्हणतात, "मला काय धाड भरलीय, सूनबाई." दोन स्वेटर घालून म्हणतात.

मास्तर शाळेतून आल्यावर त्यांना सांगितलं. (लग्न होऊन आले तेव्हा सगळी गल्ली ह्यांना मास्तर म्हणत होती, मीही तेच उचललं.) ते खूशच झाले. म्हणाले, "बरं झालं मेला. आता तेल जाळायचं नाही. जमिनीतली ऊब घ्यायची. ढब्बूला बोलावू."

मी म्हटलं, "बघू."

१४ सप्टेंबर, रविवार

ढब्बू म्हणजे माझा धाकटा भाऊ. लहानपणी भोपळ्यासारखा होता म्हणून ढब्बू. आता हाडांचा सापळा झालाय, पण नाव काही गळालं नाही. आई गेली तेव्हा तो इतका लहान होता की त्याला माझाच चेहरा आईचा म्हणून आठवतो. दर रविवारी तो येतो, मास्तरांशी बुद्धिबळ खेळतो, हरतो, आणि पुढच्या रविवारी परत हरायला येतो.

आज पट मांडलाच नाही. आल्या आल्या गुडघ्यावर बसून त्याने खिडक्या मोजायला सुरुवात केली. मास्तर टेपचं दुसरं टोक धरून मागे मागे. भिंतींची जाडी, छताची उंची, दाराखालची फट. सासऱ्यांच्या खोलीत तर खिडकीच्या चौकटीवरून ओला हात फिरवून वारा कुठून येतो ते बघितलं. मी म्हटलं, "अरे, घर गरम करायचंय, शिवायचं नाहीये." म्हणाला, "ताई, घरातून किती ऊब बाहेर जाते ते कळल्याशिवाय आत किती आणायची हे कसं ठरवणार? मोठं मशीन बसवलं तर सारखं चालू-बंद होऊन लवकर मरतं. लहान बसवलं तर कडाक्याच्या थंडीत दमतं."

सासऱ्यांना त्याने फार छान समजावलं. वर बर्फ असो की ऊन, खाली खोलवर जमीन वर्षभर सारखीच असते. तिथवर बोअर मारायची, पाइप सोडायचा, त्यातून न गोठणारं पाणी फिरवायचं. ते खालची थोडी ऊब घेऊन वर येतं, आणि फ्रिज जसा आतली उष्णता मागच्या बाजूने बाहेर टाकतो, तसं मशीन ती ऊब घरात टाकतं.

सासरे म्हणाले, "म्हणजे खाली झोपलेल्यांची चादर ओढायची. मला पण तिकडेच जायचंय बाबा, थोडी शिल्लक ठेव."

सगळे हसले. मीही हसले. पण मनात मोजत होते: आधी ढब्बूने मासे विकायचं दुकान काढलं, काचेच्या पेट्यांतले रंगीत मासे. ते एका सुट्टीत सगळे मेले. मग मोटरसायकलची दुरुस्ती. मामींच्या छपराची पन्हळ बसवली, ती पहिल्याच पावसात मामींच्या पायरीवर. आणि आता गेल्या वर्षापासून हे जमिनीतल्या उबेचं. बोअरची गाडी भागीदाराची, डोकं ह्याचं. आजवर दोन घरं केलीत. दोन!

जाताना म्हणाला, "ताई, तुझं घर म्हणजे मी असं करून देईन ना, की लोक बघायला येतील." डोळे चमकत होते. मला त्याच्याकडे बघवेना.

२२ सप्टेंबर

मास्तरांना न सांगता हेच काम करणाऱ्या एका मोठ्या कंपनीला फोन केला होता. आज त्यांचा माणूस आला. निळा कोट. दारात बुटांवर प्लास्टिकच्या पिशव्या चढवल्या, तेव्हाच अर्धी विरघळले. खिडक्या त्यानेही मोजल्या, पण अर्ध्या तासात, लेझरच्या डबीने. दहा वर्षांची वॉरंटी. बंद पडलं तर केव्हाही फोन करा, चार तासांत माणूस दारात. मी विचारलं, "सणासुदीला? बर्फ पडत असताना?" तो म्हणाला, "बाई, बर्फ पडतो म्हणूनच तर आम्ही आहोत."

सासऱ्यांनी नंतर विचारलं, "हा कोण होता, विम्याचा?" मी म्हटलं, "हो, तसलाच." थापा मारायला मी आजपासून लागले म्हणायचं.

२७ सप्टेंबर

दुकानातून लवकर निघून दोन्हीकडची कामं बघून आले. दुकानात मी एका गोळीसाठी दोनदा चिठ्ठी वाचते, मग घराच्या बाबतीत डोळे मिटून कशी उडी मारू?

कंपनीचं काम निवृत्त पोस्टमास्तरांकडे आहे. सहा हिवाळे चाललंय. पोस्टमास्तरीणबाईंनी मला बूट काढायला लावून फरशीवर उभं केलं. तळव्यांना मांजराच्या पोटासारखी ऊब लागली. "आम्ही विसरूनच गेलोय हो ते मशीन," त्या म्हणाल्या. विसरता येणं! मला तेच हवंय.

ढब्बूचं काम एका शिंपिणीकडे. तिचंही घर गरम होतं. मशीन सुरुवातीला गुणगुणायचं म्हणे. "तुमचा भाऊ तीनदा आला त्यासाठी. मी बोलावलंही नव्हतं एकदासुद्धा. आपणच यायचा, कान लावून बसायचा."

तीनदा यावं लागलं. हे लक्षात ठेवायला हवं.

३ ऑक्टोबर

शेवटी मास्तरांपुढे सगळं मांडलं. कंपनीचं नाव काढल्यावर ते थोडा वेळ चष्मा पुसत बसले. मग म्हणाले, "मी ढब्बूला दिलं असतं."

"आणि भर हिवाळ्यात बंद पडलं तर? तुमच्याच वडिलांची खोली आहे."

"तो धावत येईल."

"धावत येईल, पण दुरुस्त होईल का? भागीदार आज आहे, उद्या नाही. उद्या ह्याने धंदाच बंद केला तर कुणाला फोन करायचा?"

प्रामाणिक माणूस आहे, नसलेलं उत्तर देत नाही. म्हणाले, "तुझं म्हणणं चुकीचं नाही. मला पटत नाही एवढंच. बाबांची उठबस तू करतेस, तू ठरव. फक्त त्याला तूच सांग, आणि नीट सांग. ऐकेल तो. तुझं ऐकतो."

६ ऑक्टोबर

कंपनीला होकार दिला. सही एका दमात केली, याचंच वाईट वाटलं.

७ ऑक्टोबर

कसं लिहू.

दुपारी दुकानात ढब्बू आला. काखेत कागदाची गुंडाळी. गिऱ्हाईक नव्हतं म्हणून त्याने ती थेट काउंटरवर पसरली. आमच्या घराचा नकाशा, रंगीत पेन्सिलींनी काढलेला. अंगणात बोअरची जागा, सासऱ्यांच्या खोलीला लाल रंग. "ही खोली सगळ्यात आधी गरम होईल बघ. साडेचारशे फूट जायचं खाली. भागीदाराला पुढच्या महिन्यातली तारीख पण—"

मी म्हटलं, "ढब्बू, थांब."

सकाळपासून वाक्य पाठ केलं होतं. 'मला भीती वाटते, तुझ्या कामाचा अजून भरवसा वाटत नाही, राग मानू नकोस.' किती सोपं वाक्य. तोंड उघडलं आणि निघालं ते असं:

"मास्तर नको म्हणतायत."

"मास्तर?"

"हो. त्यांच्या वडिलांचा प्रश्न आहे ना. कंपनीलाच द्यायचं म्हणून अडून बसलेत. मी खूप सांगून बघितलं."

'मी खूप सांगून बघितलं.' हे तर कुणी विचारलंही नव्हतं. एकदा घसरलं की माणूस खाली पोचेपर्यंत थांबत नाही.

"पण त्या रविवारी टेप धरून..." तो एवढंच म्हणाला. मग नकाशा गुंडाळायला लागला. कागद त्याच्या हातात नीट गुंडाळला जाईना. एक बाई खोकल्याचं औषध घ्यायला आत आली तसा तो बाजूला झाला, तिला आधी जागा दिली, आणि मी बाटली कागदात बांधेपर्यंत निघून गेलेला होता.

मास्तरांनी संध्याकाळी विचारलं, "सांगितलंस?"

"सांगितलं."

"रागावला?"

"नाही. समजून घेतलं त्याने."

"बघ, मी म्हणालो नव्हतो?" म्हणाले, आणि समाधानाने जेवले.

१२ ऑक्टोबर, रविवार

मास्तरांनी पट मांडला. ढब्बू आला नाही. "कामात असेल," मी म्हटलं.

१९ ऑक्टोबर, रविवार

आजही नाही. मास्तरांनी फोन केला, तर पोराला ताप आहे म्हणाला. "आवाज कोरडा वाटला गं," मास्तर म्हणाले, "माझं काही चुकलं का?" मी म्हटलं, तुमचं कसलं चुकतंय. एवढं एकच वाक्य अलीकडे मी खरं बोलले.

मग ते एकटेच दोन्ही बाजूंनी खेळत बसले. मी भाकऱ्या थापायचं सोडून दारात उभी राहून त्यांच्याकडे बघत होते. आता सांगावं, आता सांगावं. तव्यावरची करपली, आणि ते निमित्त पुरलं.

२८ ऑक्टोबर

सकाळी अंगणात धडधड झाली म्हणून पडदा सारला, तर बोअरची गाडी फाटकातून उलटी आत येत होती. आणि गाडीच्या मागे उभा राहून "ये, ये, येऊ दे, बस!" करणारा, निळा कोट घातलेला माणूस म्हणजे ढब्बू.

मला आधी कळेचना. कंपनी बोअर स्वतः मारत नाही म्हणे, इथल्याच कुणाला तरी ते काम देते. भागीदाराने गाडी त्यांच्याकडे लावली, आणि गाडीबरोबर ढब्बूही गेला. स्वतःचा धंदा जिथे उभा करायचा होता त्याच अंगणात माझा भाऊ दुसऱ्याचा कोट घालून उभा.

मी चपला न घालताच बाहेर गेले. तो म्हणाला, "आम्हीच आलो ताई. काम ते काम." आणि हसला. त्या हसण्यापेक्षा त्याने मला शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

तेवढ्यात कामासाठी शाळेतून रजा काढलेले मास्तर धावत आले. "अरे ढब्बू! होतास कुठे लेका?" त्यांनी हात पसरले होते. ढब्बूने हातमोजे काढले नाहीत. "नमस्कार," म्हणाला, आणि गाडीकडे वळला. मास्तरांचे हात तसेच हवेत.

दिवसभर घर हादरत होतं, कपाटातल्या बशा वाजत होत्या. राखाडी चिखल नळीतून हौदात पडत होता. सासरे खिडकीशी खुर्ची टाकून बसले होते, सर्कस बघावी तसे. मी दुकानात गेलेच नाही. ढब्बू आणि मास्तरांना एकत्र सोडायची माझी छाती होईना.

३० ऑक्टोबर

काल ढब्बू पायरीपाशी येऊन म्हणाला, "ताई, कंपनीच्या कागदावर साडेतीनशे फूट आहे. मी साडेचारशे धरले होते. विचार त्यांना. बाबांच्या खोलीचा प्रश्न आहे." इतकं होऊनही! मी फोन केला. मनातून मला वाटत होतं की ढब्बूच खरा ठरावा, म्हणजे मला शिक्षा मिळेल.

आज निळ्या कोटाचा साहेब स्वतः आला, बोअरमधून निघालेला गाळ हातात घेऊन ढब्बूला दाखवत बसला. खाली पाणी भरपूर आहे, ओल्या खडकातून ऊब जास्त मिळते, म्हणून बोअर कमी खोल चालते. ढब्बूने तो गाळ चोळला, वास घेतला. "बरोबर आहे साहेबांचं," म्हणाला, "मी कोरडा खडक धरला होता."

म्हणजे कंपनी निवडण्यात माझं चुकलं नव्हतं. मग मला हलकं का वाटत नाहीये?

दुपारी मी सासऱ्यांना गोळ्या द्यायला आत गेले आणि परत येते तो काय, ढब्बू आणि मास्तर अंगणात समोरासमोर उभे. गाडी धडधडत होती, शब्द ऐकू येत नव्हता. ढब्बू बोलत होता, हात हलवून, बराच वेळ. मास्तर ऐकत होते. मग त्यांनी वळून स्वयंपाकघराच्या खिडकीकडे बघितलं. मी पडद्याआड झाले. परत डोकावले तेव्हा ते खाली जमिनीकडे बघून मान हलवत होते, होकारार्थी. मग त्यांनी काहीतरी म्हटलं. थोडंसंच. ढब्बू पाठ फिरवून निघून गेला.

मला वाटलं, झालं, आता सगळं उघडं पडलं. पण रात्री मास्तर ताटाकडे बघून जेवत राहिले. मीच धीर करून विचारलं, "काय म्हणत होता ढब्बू?"

"बोअरच्या खोलीबद्दल. फुटांबद्दल."

देव पावला. विषय निघालाच नाही म्हणायचा.

३ नोव्हेंबर

मास्तर चार दिवस गप्प आहेत. दिवसभर चिखलात उभे होते, थंडी बाधली असावी. काढा करून दिला, निमूट प्यायले. आज बुद्धिबळाचा पट पिशवीत घालून शाळेत नेला. "पोरं खेळतील. घरी धूळ खातोय."

१९ नोव्हेंबर

मशीन सुरू झालं. कपाटाएवढं आहे, तळघरात उभं असतं आणि आवाज म्हणाल तर झोपलेल्या माणसाच्या श्वासाएवढा. खोल्यांतले गरम पाण्याचे रेडिएटर जुनेच आहेत, पण सासऱ्यांच्या खोलीत मोठा नवा घातलाय. संध्याकाळी सासऱ्यांनी एक स्वेटर काढला. "सूनबाई, काम चोख झालं हो." मी तोंड फिरवून त्यांची चादर नीट केली. ती नीटच होती.

२१ डिसेंबर, रविवार

कडाक्याची थंडी. रस्त्यावर माणूस नाही. घरात सगळीकडे सारखी ऊब. पहिल्यांदा ह्या घरात कोणी शेकोटीभोवती जमावं तसं एका जागी गोळा होऊन बसत नाही, जो तो आपापल्या खोलीत. ढब्बूला येऊन अकरा रविवार झाले. मी त्याच्या घरी दोनदा जाऊन आले. तो माझ्याशी चांगला वागतो. हेच सहन होत नाही. "तुझा काय दोष, ताई," असंही म्हणाला. मी तिथेच बसून त्याच्या पोराला पाढे विचारत राहिले.

स्वतःलाच विचारते, मास्तरांचं नाव का घेतलं? कारण ते रागावत नाहीत. जो रागावत नाही त्याच्या खांद्यावर माणूस वाट्टेल ते ओझं टाकतो.

१६ जानेवारी

आज भावजय दुकानात आली. पोराचं सर्दीचं औषध हवं होतं. ते देताना ती सहज म्हणाली, "ताई, तुम्हाला हे बोलले नसतील. लांबच्या गावी नोकरी धरलीय. बोअरच्याच कामावर. येत्या रविवारनंतर निघतील, शाळा संपली की आम्ही."

मी म्हटलं, "इतकं लांब? इथे काय कमी आहे?"

ती जरा घुटमळली. "इथे त्यांना करमत नाही आता. मी म्हटलं हो त्यांना, मास्तरांनी एवढी माफी मागितली, सोडून द्या. पण ते म्हणतात, परक्याने नाही म्हटलं असतं तर काही वाटलं नसतं."

माझ्या हातातून बाटली सुटून काउंटरवर आपटली. फुटली नाही. "माफी? मास्तरांनी?"

"म्हणजे तुम्हाला माहीत नाही? बोअर मारायला आले होते ना, तेव्हाच. ह्यांनी सरळ विचारलं, मास्तर, माझ्यावर भरवसा नव्हता तर तोंडावर सांगायचं, ताईला का पुढे केलं? मास्तर म्हणाले, चुकलं माझं. वडिलांच्या काळजीने मी अडून बसलो, तुझ्या बहिणीने खूप सांगितलं."

माझंच वाक्य. ढब्बूच्या तोंडून त्यांना कळलेलं, आणि त्यांनी ते जसंच्या तसं स्वतःवर घेतलेलं.

भावजय गेल्यावर मी दुकानाच्या मागच्या खोलीत खोक्यांवर बसून राहिले. मालकांनी विचारलं, बरं नाही का? मी हो म्हटलं. हे खोटं नव्हतं.

१७ जानेवारी

मास्तर वह्या तपासत होते. मी समोर जाऊन उभी राहिले.

"तुम्हाला ऑक्टोबरपासून माहीत होतं."

त्यांनी लाल पेनाला टोपण लावलं. "हं."

"मग मला का नाही विचारलंत? माझ्यावर ओरडला का नाहीत?"

"वाट बघत होतो," ते म्हणाले, "तू सांगशील म्हणून."

मी रडायला लागले तर ते उठले नाहीत, जवळ आले नाहीत. लग्नानंतर पहिल्यांदा. मला कळलं की हा माणूस रागावत नाही असं नाही. अडीच महिने रागावलेला होता, आणि मी त्याला काढा करून पाजत होते.

"पण त्याच्यापुढे कबूल कशाला केलंत? खरं सांगायचं होतं."

"काय सांगू? तुझी बहीण खोटं बोलली म्हणून? अगं, मेहुणा वाईट निघाला तर माणूस पचवतो. त्याला आई नाही. बहीण पण वाईट निघाली तर त्याने जायचं कुठे?"

थोड्या वेळाने म्हणाले, "पण मी पण चुकलो. मला वाटलं, मी तुला वाचवतोय. त्यात तो एकटा पडला."

१८ जानेवारी, रविवार

ढब्बूच्या घरी गेले. मास्तर सोडायला आले, पण रस्त्याच्या पलीकडेच थांबले. "हे तुझं तू."

तो ओसरीत बॅग भरत होता. मी उभ्या उभ्याच सांगितलं. कुठेही न सजवता. मास्तर नको म्हणाले नव्हते. तुलाच द्यावं म्हणत होते. नको मी म्हणाले. नाव त्यांचं लावलं.

तो बराच वेळ एक सदरा घडी करत राहिला. घडी मोडायचा, परत घालायचा.

मग असा ओरडला की भावजय आतून धावत आली. मी त्याला वाढवलं, पण त्याचा हा आवाज मला माहीत नव्हता. "मी त्या माणसाला हात दिला नाही, ताई! तो अंगणात हात पसरून उभा होता. मी हातमोजे काढले नाहीत! रस्त्यात दिसला तर गल्ली बदलली मी! माझ्या घरात त्यांचं नाव काढू नका म्हणून पोराला मारलं! आणि तू इथे बसून त्याला पाढे विचारत होतीस!"



दम लागल्यावर तो बॅगेवरच बसला. खालच्या आवाजात म्हणाला, "एक विचारू? आता खरं सांगशील?"

"विचार."

"मास्तर नसते, बाबा आजारी नसते, कुणी मध्ये नसतं. मला काम दिलं असतंस?"

मला 'हो' म्हणायचं होतं. अगदी जिभेवर होतं. त्याचा चेहरा बघून कुणालाही 'हो'च म्हणावंसं वाटलं असतं. एवढ्या दिवसांत जे मोडलं ते त्या एका शब्दाने जरा तरी सांधलं असतं.

"नाही," मी म्हटलं. "माझा धीर झाला नसता."

त्याने मान हलवली. पुन्हा सदरा उचलला. मी दाराबाहेर पडले. पलीकडे मास्तर हात बगलेत घालून उभे होते. आम्ही चालत घरी आलो. अर्ध्या वाटेत त्यांनी माझ्या हातातली पिशवी घेतली.

२० जानेवारी

रात्रभर बर्फ पडला होता. सकाळी मास्तर फावडं घेऊन दारातली वाट मोकळी करत होते. त्यांना आता वाकवत नाही, चार फावडी झाली की थांबतात. मी खिडकीतून बघत होते, तर फाटक वाजलं. ढब्बू. त्याची गाडी दुपारची आहे, मला वाटलं होतं आता तो न भेटताच जाणार.

तो मास्तरांसमोर उभा राहिला. आधी उजव्या हाताचा मोजा काढला, मग डाव्या. मास्तरांनी फावडं बर्फात रोवलं. मग दोघं कसे उभे होते ते मी लिहीत नाही. सासरे मागून म्हणाले, "सूनबाई, दार उघड की. गारठतील पोरं." ह्या वयातही त्यांना ती दोघं पोरंच.

ढब्बूने मास्तरांना बाजूला केलं आणि सगळी वाट एकट्याने साफ केली, फाटकापासून पायरीपर्यंत. मग तळघरात उतरला. मशीनपाशी थोडा वेळ थांबला असावा. वर आला तेव्हा म्हणाला, पण मास्तरांना: "चांगलं बसवलंय. वर्षातून एकदा फिल्टर तेवढा काढून धुवा. पाण्याचा दाब बघत राहा." मास्तर म्हणाले, "तूच येऊन बघत जा." तो म्हणाला, "बघू."

माझ्याकडे त्याने बघितलं नाही. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते, हात पदराला पुसत. कोरडेच हात. जायला वळला, दोन पावलं गेला, आणि थांबला. घामाने त्याची मान भिजली होती.

"पाणी दे," म्हणाला.

मी दिलं. त्याने उभ्यानेच सगळा पेला संपवला आणि माझ्या हातात परत दिला. 'ताई' म्हणाला नाही.

गाडी सुटल्याचा मास्तरांना फोन आला. तो पेला मी अजून विसळलेला नाही.